पडद्यावरचे २५ व्होल्ट: पावसाळ्यात तळाला गेलेल्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, शेवटच्या विजेच्या खांबापासून दूर असलेल्या एका वाडीत एक कुटुंब पाहुण्यांसाठी चार खोल्यांचे घर चालवते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे सौर यंत्रणा मी बसवली. छपरावर ३३५ वॅटचे दोन पॅनल, त्याखाली पॅनलमधून बॅटरीत जाणारे चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि एकापुढे एक जोडलेल्या १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवणीचे माप) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या एवढाच पसारा होता. दिवे, पंखे, मोबाईल चार्जिंग आणि एक लहान फ्रिज यांना ती पुरेशी होती, आणि पहिली दोन वर्षे तिच्याबद्दल एकही फोन आला नाही.

जून ते सप्टेंबर हे घर बंद असते. त्या भागात पावसाळ्यात धुके इतके दाट असते की दुपारी बारालाही समोरची टेकडी दिसत नाही. घरमालक, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणते, त्या काळात कुटुंबासह खाली गावात राहतात आणि एक राखणदार दोन-तीन दिवसांनी वर फेरी मारून येतो. आबांचा पुतण्या आयटीआय झालेला आहे, त्यामुळे यंत्रणेवर नजर ठेवण्याचे काम त्याच्याकडे होते. राखणदाराने इन्व्हर्टरच्या पडद्याचा फोटो पाठवायचा आणि पुतण्याने आकडा पाहून बरे-वाईट ठरवायचे, अशी व्यवस्था त्यांनी आपापसांत लावली होती.

२०२४ च्या एप्रिलमध्ये दोन गोष्टी नव्याने आल्या. आवारात दोन कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर बसला, आणि बुकिंगसाठी इंटरनेट हवे म्हणून राउटर बसला. कॅमेरे इन्व्हर्टरवर गेले. राउटर मात्र १२ व्होल्टवर चालणारा असल्यामुळे तो ज्याने बसवला त्याने सरळ दोनपैकी एका बॅटरीच्या टर्मिनलला दोन तारा लावून दिल्या. या प्रकरणाचे मूळ त्या दोन तारांत आहे, पण ते कळायला सप्टेंबर उजाडावा लागला.

अडचण

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुटुंब वर परतले. पहिल्याच रात्री नऊच्या सुमारास इन्व्हर्टर टूं-टूं करू लागला आणि दहा मिनिटांत घर अंधारात गेले. पुढचे चार दिवस कडक ऊन पडूनही तोच प्रकार झाला. आबांनी तालुक्याच्या एका दुकानात विचारले, तेव्हा तेथे न पाहताच सांगण्यात आले की बॅटऱ्या गेल्या, नवीन घ्या. मग आबांचा मला फोन आला. "भाऊ, तीन वर्षं पण झाली नाहीत अजून. दुकानदार म्हणतोय गेल्या. गेल्या म्हणजे कुठं गेल्या?"

पुतण्याने जुलैपासूनचे सगळे फोटो जपून ठेवले होते. बहुतेकांत २५.० च्या आसपासचा आकडा होता. त्याचा हिशेब सरळ होता: २५ भागिले दोन म्हणजे साडेबारा, आणि बॅटरीच्या पेटीच्या झाकणात चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे साडेबारा म्हणजे ८० टक्के. हिवाळ्यात पहाटे त्याने स्वतः मीटर लावला तेव्हाही साडेबाराच दिसत असे, म्हणून हा आकडा त्याच्या दृष्टीने घरचा झाला होता. तो तक्ता मीच चिकटवला होता.

मोजमाप

मी सकाळी साडेसहाला, पॅनलवर उजेड पडण्याआधी पोहोचलो. आदल्या रात्री इन्व्हर्टर आणि राउटर दोन्ही बंद ठेवायला फोनवर सांगितले होते, म्हणजे बॅटऱ्यांना आठ-नऊ तास पूर्ण विश्रांती मिळाली होती. दोन टोकांना मीटर लावला तर २४.१ व्होल्ट. यावर कोणी फारशी काळजी केली नसती. मग एकेक बॅटरी मोजली. पहिली, जिला पुढे मी "अ" म्हणेन, १२.३५. दुसरी, "ब", ११.७५. एकाच दिवशी विकत आणलेल्या, एकाच तारेत बांधलेल्या दोन बॅटऱ्यांत ०.६ व्होल्टचा फरक होता.

येथे व्होल्टेजचा अर्थ थोडा उलगडला पाहिजे. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा सेल असतात, आणि विश्रांतीतल्या प्रत्येक सेलचे व्होल्टेज त्यातल्या आम्लाच्या ग्रॅव्हिटीवर, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहे यावर ठरते; बॅटरी उतरते तशी ग्रॅव्हिटी घटते. ढोबळ नियम असा की ग्रॅव्हिटीत ०.८४ किंवा ०.८५ मिळवले की त्या सेलचे व्होल्टेज येते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी साधारण १.२४० असते, ज्याला कारागीर "बाराशे चाळीस" म्हणतात. म्हणजे सेलला सुमारे २.०८ आणि बॅटरीला साडेबारा व्होल्ट. सर्वत्र फिरणाऱ्या तक्त्यांत पूर्ण चार्ज १२.७ लिहिलेला असतो, कारण ते १.२६५ ते १.२८० ग्रॅव्हिटीच्या बॅटऱ्यांसाठी केलेले असतात. म्हणून आमच्या यंत्रणेत शंभर टक्के भरलेली बॅटरीही त्या तक्त्यावर कायम ८० दाखवत होती आणि पुतण्या तेच तिचे नेहमीचे मान समजत होता. मात्र तक्त्यातली ही चूक दुय्यम होती. खरी उणीव ही होती की "चार्जिंग आणि लोड बंद करून किमान काही तास झाल्यावरचे व्होल्टेज" एवढी एक ओळ त्यावर लिहिलेली नव्हती.

मग काचेच्या नळीत फ्लोट तरंगवून ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर काढला. "अ"च्या सहाही सेलमध्ये १.२१० ते १.२२०, म्हणजे व्होल्टेजशी जुळणारे. "ब"च्या पाच सेलमध्ये १.१२५ ते १.१३०. टर्मिनलपासून तिसऱ्या सेलमध्ये नळी बुडवून आम्ल ओढले तर फ्लोट वर आलाच नाही. काचेच्या तळाला टेकून बसला. त्या हायड्रोमीटरच्या खुणा १.१०० पासून सुरू होतात, म्हणजे त्या सेलमधले आम्ल पाण्याच्या वाटेवर बरेच पुढे गेले होते.

पाण्याच्या पातळीने उरलेली गोष्ट सांगितली. "अ"चे सगळे दर्शक खाली गेले होते, पाणी बरेच आटले होते. "ब"चे दर्शक मात्र मे महिन्यात जिथे होते तिथेच. आबांना याचा आनंद वाटत होता, कारण कमी पाणी पिणारी बॅटरी चांगली असा समज आहे. पण बॅटरी पूर्ण भरते तेव्हाच तिच्यात बुडबुडे येऊन पाणी उडते. पाच महिन्यांत जिचे पाणी थेंबभरही कमी झाले नाही, ती पाच महिन्यांत एकदाही पूर्ण भरलेली नाही.

घडले ते असे. राउटर सुमारे अर्धा अँपिअर घेत होता, म्हणजे दिवसाला १२ एएच, आणि तेही एकट्या "ब"मधून. कंट्रोलरला दोन बॅटऱ्यांची फक्त बेरीज दिसते. बेरीज हव्या त्या आकड्याला पोहोचली की तो चार्जिंग कमी करतो, मग त्यात "अ" उतू जात असली आणि "ब" अर्धवट असली तरी त्याला फरक पडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात "अ" रोज उकळली आणि "ब" रोज थोडी मागे राहिली.

जूनमध्ये घर बंद झाले, पण इन्व्हर्टर कॅमेऱ्यांसाठी चालू ठेवला गेला. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच सुमारे २० वॅट खातो, आणि कॅमेरे व रेकॉर्डर मिळून आणखी १८. दिवसाला ०.९ युनिट झाले. निरभ्र हिवाळ्यात हेच पॅनल अडीच युनिटच्या वर देतात, पण त्या धुक्यात अर्धा युनिट मिळाला तरी नशीब. दोन्ही बॅटऱ्यांची मिळून साठवण ३.६ युनिट. रोजची तूट चार-पाच दशांश युनिटची धरली तर आठ-नऊ दिवसांत बॅटऱ्या रिकाम्या, आणि जुलैत सलग पाऊस त्याहून कितीतरी जास्त दिवस होता.

इन्व्हर्टरचा लो-कट, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो स्वतःहून बंद पडतो ती मर्यादा, २१ व्होल्टला होता. या आकड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. जड लोडवर व्होल्टेज दबते, त्यामुळे २१ लवकर येतो आणि बॅटरीत काही शिल्लक असतानाच इन्व्हर्टर बंद पडतो. पण दीड-दोन अँपिअरच्या किरकोळ लोडवर व्होल्टेज दबतच नाही. तेथे २१ येतो तो बॅटरी पूर्ण निचरल्यावरच. म्हणजे ज्या लोडला आपण बिनधोक समजतो, त्याच लोडवर हे संरक्षण सर्वांत कुचकामी ठरते. त्यातही २१ ही बेरीज होती: "अ" ११.४ आणि "ब" ९.६ असली तरी २१ होतात. आणि राउटरच्या तारा तर थेट टर्मिनलवर असल्याने त्यांना कोणताच लो-कट नव्हता. इन्व्हर्टर बंद पडल्यावरही राउटर स्वतः विझेपर्यंत "ब"ला ओढतच राहिला. दुसऱ्या दिवशी थोडा उजेड पडला की बेरीज वर चढायची, इन्व्हर्टर आपोआप सुरू व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तळ.

राखणदार फेरी मारायचा तो दुपारी बारा-एकला, कारण पावसात तेवढाच काळ वाट धरता येते. त्या वेळी पॅनलमधून थोडा तरी करंट येत असतो, आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीचे व्होल्टेज तिच्या खऱ्या स्थितीहून बरेच वर असते. फोटोतले २५.० हे त्या घटकेचे होते. तेच फोटो पहाटे पाचला काढले असते तर पहिल्याच आठवड्यात सगळे उघड झाले असते.

विचारात घेतलेले पर्याय

दोन्ही बॅटऱ्या बदलणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. जुन्या परत देऊन सुमारे ३३ हजारांचा खर्च होता. बंद हंगामानंतर आबांकडे तेवढी रोकड नव्हती, आणि कारण न काढता नव्या बॅटऱ्या बसवल्या असत्या तर त्याही पुढच्या पावसाळ्यात याच वाटेने गेल्या असत्या.

फक्त "ब" बदलण्याचा आग्रह पुतण्याचा होता. "दादा, एक तर चांगली आहे ना?" असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, नवी आणि तीन वर्षांची बॅटरी जोडली की जुनी आधी रिकामी होते आणि चार्जिंगच्या वेळी आधी भरते. म्हणजे जो असमतोल राउटरने घडवला तोच आपण पैसे देऊन विकत घेतो. हा पर्याय मी सरळ नाकारला.

लिथियमचाही विषय निघाला. लिथियम फेरो फॉस्फेटचे व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेज पाहून अंदाज घेणाऱ्या घरात ती जास्तच फसवते. शिवाय जुन्या कंट्रोलरची आणि इन्व्हर्टरची सेटिंग तिला जुळणारी नव्हती. खर्च पाहता तो विषय तेथेच मिटला.

राहिला चौथा मार्ग: "ब"ला वेगळे काढून सावकाश चार्ज करून पाहायचे. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर शिसे-सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कडक होत जातात. कोवळे असतील तर हळू चार्जिंगने बरेचसे विरघळतात, जुने असतील तर नाही. किती काळ झाला हे नेमके माहीत नसल्याने यश येईलच असे मी सांगितले नाही. दिवाळीला पाच आठवडे होते आणि नापास झाली तर दोन्ही बदलायचा मार्ग खुलाच राहणार होता, म्हणून आबांनी याला होकार दिला.

प्रत्यक्ष कृती

पन्नास किलोंहून जड, आम्लाने भरलेली बॅटरी पायवाटेने उतरवणे हे या प्रकरणातले सर्वांत कष्टाचे काम होते. चौघांनी ती बांबूला दोरांनी बांधून जीपपर्यंत आणली. "अ" आठवडाभराने त्याच मार्गाने आली.

माझ्या वर्कशॉपमध्ये चार्जर ८ अँपिअर आणि १४.४ व्होल्टवर लावला. पहिल्या तासाला बॅटरीने जेमतेम दीड अँपिअर घेतला; व्होल्टेज क्षणात १४.४ ला भिडले आणि तेथेच अडले. घाईतला माणूस येथे "फुल झाली" म्हणून चार्जर काढतो. सल्फेट धरलेल्या बॅटरीचे हेच लक्षण आहे: आतला विरोध वाढलेला असतो, म्हणून व्होल्टेज चढते पण पोटात काही जात नाही. सहा तासांनी करंट हळूहळू ८ पर्यंत आला. तिसऱ्या दिवशी पाच सेलमध्ये बारीक, दुधाळ बुडबुडे सुरू झाले. त्यानंतर १५.३ व्होल्टवर चार तास इक्वलाइझ केले, म्हणजे मागे राहिलेले सेल बरोबरीला यावेत म्हणून मुद्दाम जादा चार्ज दिला, आम्लाचे तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ न देता. हे फक्त पाणी घालता येणाऱ्या बॅटरीवरच करायचे असते. बंद बॅटरी त्याने फुगते. शेवटी पाच सेल १.२१५ ते १.२२५ वर आले. तिसरा सेल १.१४० ला थांबला तो थांबलाच.

मग क्षमता तपासली. मोटारीचे हेडलाइटचे बल्ब जोडून सुमारे १५ अँपिअरचा लोड लावला. सी-१० म्हणून, म्हणजे दहा तासांच्या मापाने, विकलेली १५० एएचची बॅटरी नवी असताना १५ अँपिअरवर दहा तास चालून १०.८ व्होल्टला यायला हवी. "अ" ८ तास १० मिनिटे चालली, म्हणजे १२२ एएच. "ब" ५ तास ४० मिनिटांत संपली: ८५ एएच. शेवटच्या पंचवीस मिनिटांत ती ११.५ वरून धाडकन १०.८ ला आली. तिसऱ्या सेलने हात टेकल्यावर बाकीचे पाच त्याला ओढत नेत होते.

५७ टक्के क्षमतेची बॅटरी परत बसवावी का, हा खरा निर्णय होता. मी ती बसवली, पण ८५ एएचचीच यंत्रणा आहे असे धरून. फ्रिज टायमरवर घालून सकाळी दहा ते चार एवढाच चालू ठेवला. राउटरच्या तारा काढून तो २४ वरून १२ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरवर घेतला, म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांतून सारखेच जाईल. इन्व्हर्टरचा २१ चा कट बदलता येत नव्हता, म्हणून त्याच्या चालू-बंद बटणाच्या तारेत व्होल्टेज रिले, म्हणजे व्होल्टेज पाहून आपोआप चालू-बंद होणारा स्विच टाकला: सलग एक मिनिट २३.६ च्या खाली राहिले की बंद, २५.६ झाल्यावर चालू. एका मिनिटाची सवलत फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या झटक्यासाठी. बॅटरी बॅलन्सर मात्र मुद्दाम लावला नाही. त्याने दोघींतला फरक झाकला गेला असता, आणि "ब" कधी हात टेकते हे मला दिसायला हवे होते.

वाहतूक धरून सगळा खर्च साडेपाच हजार झाला. झाकणातला तक्ता मी फाडून काढला आणि त्या जागी हाताने लिहिले: "पहाटे, उजेडाआधी, सगळे बंद करून, दोन्ही वेगवेगळ्या मोजा. १२.५ भरलेली. १२.१ अर्धी. फरक ०.१ च्या वर गेला तर फोन करा."

निष्पत्ती

दिवाळी आणि नाताळचा हंगाम निभावला. रिलेने नोव्हेंबरमध्ये दोनदा इन्व्हर्टर बंद केला, दोन्ही वेळा कोणीतरी पाण्याची मोटर लावल्यामुळे. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस पहाटेचा फरक ०.४ व्होल्टवर गेला आणि ठरल्याप्रमाणे पुतण्याचा फोन आला. मार्चमध्ये, हंगामाचे पैसे हातात असताना, दोन्ही बॅटऱ्या एकाच दिवशी बदलल्या. "ब" मोडीत गेली. "अ" आबांनी दिली नाही. ती आता गोठ्यात दोन १२ व्होल्टच्या दिव्यांवर चालते.

निर्णयाच्या जागा

साडेपाच हजार आणि इतकी ओढाताण करून पाचेक महिने मिळाले, हे फायद्याचे झाले का असे मला विचारले गेले. कन्व्हर्टर, रिले आणि टायमर नव्या बॅटऱ्यांनाही लागलेच असते, म्हणून निव्वळ चार्जिंगवर आणि वाहतुकीवर गेले ते निम्म्याहून कमी. तरीही पुन्हा अशी वेळ आली तर मी आधी एका दिवसाची क्षमता चाचणी जागेवरच घेईन. एका सेलचा फ्लोट तळाला बसलेला दिसत असताना बॅटरी डोंगर उतरवण्याचा निर्णय थोडा उतावळा होता.

एप्रिलमध्ये राउटर बसवताना मला कोणी विचारले नाही, हे खरे. पण बॅटरीच्या मधल्या जोडावरून काही घेऊ नका, हे बसवतानाच मी सांगायला हवे होते आणि पेटीला कुलूपही लावायला हवे होते. १२ व्होल्टचे उपकरण आज ना उद्या प्रत्येक २४ व्होल्टच्या घरात येतेच.

जूनमधला निर्णय सर्वांत महाग पडला. कॅमेरे हवेत म्हणून इन्व्हर्टर चालू ठेवला, पण कॅमेऱ्यांइतकीच वीज इन्व्हर्टर स्वतःसाठी खात होता, हा हिशेब कोणी मांडला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कॅमेरे कन्व्हर्टरवर १२ व्होल्टला घेतले, इन्व्हर्टर बटणाने नव्हे तर बॅटरीकडच्या आयसोलेटरनेच (बॅटरीपासून तोडणाऱ्या मुख्य स्विचने) बंद केला, आणि पॅनल व कंट्रोलर चालू ठेवले. रेकॉर्डर फक्त दिवसा चालेल असा टायमर लावला. रोजचा खर्च पाव युनिटच्या आत आला.

पहाटेच्या मोजणीचा प्रश्न मात्र राखणदाराच्या वेळेवर अडला होता. पावसात पहाटे वर जा असे त्याला कोण सांगणार? शेवटी तोडगा वहिनींनी, म्हणजे आबांच्या सुनेने काढला: दर शनिवारी राखणदाराने वरच मुक्काम करायचा, संध्याकाळी कंट्रोलर आणि कन्व्हर्टर दोन्हींचे स्विच बंद करायचे, आणि रविवारी उजाडताना दोन आकडे घेऊन ते पुन्हा चालू करायचे. ते आकडे वहिनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या हिशेबाखाली लिहितात. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारच्या चौकोनात दीड लिटरच्या खाली १२.४६ आणि १२.४४ असे लिहिलेले आहे.